अवकाश-साहसपटाच्या दुसऱ्या भागात ‘लॉजिक’ नेमकं कुठे तुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मराठीत अवकाश-साहसाची एक ऑडिओ मालिका लिहिलीत. पहिल्या पर्वात तुमच्या नायिकेनं, एका तरुण इंजिनिअरनं, जीव धोक्यात घालून अवकाशस्थानक वाचवलं. आता दुसरं पर्व लिहायचंय. तयारी म्हणून २०१३ चा ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’ पुन्हा पाहिलात आणि गोंधळात पडलात. त्यात विज्ञान जागोजागी तुटतं, नायक मरून पुन्हा जिवंत होतो, आणि एवढं होऊनही शेवटी तो सुरुवातीला होता तसाच वाटतो. मित्र म्हणतात, कल्पनाच आहे, लॉजिक कशाला शोधतोस? तुम्ही विचारता: आधी काय सांभाळायचं, विज्ञान की पात्र?

पटकथा लिहिणं आणि दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि दुरुस्तीला येणाऱ्या पटकथांमध्ये ‘भाग दोन’ बरेच असतात. त्या कामावरून सांगतो की ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत. प्रेक्षक चुकीचं विज्ञान सहज माफ करतो. ती चूक कोणाच्या फायद्याची आहे, एवढंच तो नकळत बघत असतो. अशक्य गोष्टीमुळे नायक अडचणीत सापडला तर थिएटरात कुणी हूं की चूं करत नाही. अशक्य गोष्टीमुळे तो फुकटात सुटला, की त्याच माणसांना दहावीचं भौतिकशास्त्र आठवतं. ते बोलतात विज्ञानाबद्दल, पण त्यांना खुपलेलं असतं ते दुसरंच: ज्या माणसासाठी त्यांनी जीव मुठीत धरला होता, त्याला काहीच द्यावं लागलं नाही.

उदाहरण तुम्ही फार चांगलं निवडलंय. या चित्रपटाचा क्लायमॅक्स याच मालिकेतल्या १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’मधून घेतलाय आणि उलटा केलाय. कर्क हा यानाचा कप्तान, स्पॉक त्याचा सहकारी आणि जिवलग मित्र, खान हा त्यांचा शत्रू. तिथे यान वाचवायला स्पॉक किरणोत्सर्गानं भरलेल्या कक्षात जातो, काचेपलीकडे कर्क असतो आणि स्पॉक मरतो. इथे कर्क आत जातो, काचेपलीकडे स्पॉक असतो आणि कर्क मरतो. तीच दोन माणसं, तीच काच, खलनायकही तोच. एक सीन चाळीसहून जास्त वर्षं लोकांच्या मनात बसलाय आणि दुसऱ्याबद्दल लोक हुज्जत घालतात. एकच प्रयोग दोनदा झालेला पाहायला मिळावा अशी संधी आमच्या धंद्यात क्वचित येते.

आधी १९८२ च्या चित्रपटाचं लॉजिक बघा, कारण ते निर्दोष आहे अशी अनेकांची समजूत असते. त्यात एक यान ग्रहमालेतल्या सहाव्या ग्रहावर जायचं म्हणून पाचव्यावर उतरतं. मधल्या काळात सहावा ग्रह फुटून नाहीसा झालाय आणि ते कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. ग्रह मोजायचं राहून गेलं! खान कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, चेकॉवला, बघताक्षणी ओळखतो. पण खान मूळ टीव्ही मालिकेच्या ज्या १९६७ च्या भागात पहिल्यांदा आला होता त्यात चेकॉव हे पात्रच नव्हतं, तो अभिनेता मालिकेत पुढच्या सीझनला आला. शेवटची लढाई एका दाट तेजोमेघात होते, आत शिरलं की यानांना काही दिसेनासं होतं. खरे तेजोमेघ इतके विरळ असतात की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आपण ज्याला उत्तम निर्वात म्हणतो, त्याहूनही त्यांत कमी द्रव्य असतं. आणि शेवटी एका यंत्राच्या स्फोटातून काही मिनिटांत अख्खा ग्रह तयार होतो. विज्ञानाच्या परीक्षेत हे दोन्ही चित्रपट नापास आहेत.

तरी १९८२ चा पटतो. का ते बघू. दिग्दर्शक निकोलस मायरनं कर्कला सुरुवातीलाच म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उभं केलंय. त्याचा वाढदिवस आहे, यानाचा डॉक्टर मॅकॉय त्याला वाचायचा चष्मा भेट देतो, यानाचा कप्तान राहिलेला नाही, कार्यालयातला मोठा अधिकारी झालाय. पहिल्याच सीनमध्ये प्रशिक्षणार्थींची एक परीक्षा चाललीय, जिच्यात जिंकण्याचा मार्गच नाही. हरायचं कसं हे शिकवणारी परीक्षा. कर्क ती एकेकाळी पास झालेला एकमेव माणूस. कसा, तर त्यानं गुपचूप संगणकाचा प्रोग्रॅमच बदलला होता. म्हणजे चित्रपट सुरुवातीलाच एक प्रश्न टांगून ठेवतो: मरणाला आयुष्यभर चकवत आलेल्या माणसासमोर चकवता न येणारं मरण आलं तर?

मग हिशेब सुरू होतो. समोरून येणाऱ्या, खाननं बळकावलेल्या यानाबद्दल संशय घ्यायला जागा असते, साविक ही तरुण अधिकारी नियम सांगू लागते, कर्क तिच्याकडे लक्ष देत नाही, यानाच्या संरक्षक ढाली चढवत नाही. मार बसतो आणि त्याच्या निष्काळजीपणापायी कोवळी प्रशिक्षणार्थी पोरं मरतात. त्यातून तो सुटतो कसा, तर शत्रूच्या यानाचा एक गुप्त आकडा वापरून त्याच्या ढाली उतरवतो. ही सरळ सोयीची पळवाट आहे आणि ती नायकाच्या फायद्याची आहे. मी वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद वाटेल. पण नीट पाहा: पळवाट येते ती पोरं मेल्यानंतर, चूक आपली होती हे त्याला कळल्यानंतर, आणि तो आकडा वाचायला त्याला सगळ्यांदेखत खिशातून तो म्हातारपणाचा चष्मा काढावा लागतो. सुटका होते, पण तिचे पैसे आधी मोजलेले असतात. शेवटी, स्पॉक गेल्यावर, कर्क पुस्तक उघडतो तेव्हा त्याच चष्म्याची काच तडकलेली दिसते. एका छोट्या वस्तूवर पात्राचा सगळा ग्राफ, म्हणजे त्याच्यात होत गेलेला बदल, चढवलाय. पटकथा शिकणाऱ्यांनी फक्त चष्म्याचे सीन सलग काढून पाहावेत.

जाता जाता एक गोष्ट, खास तुमच्यासाठी, कारण तुमच्याकडे व्हीएफएक्सचं बजेट सोडा, चित्रच नाही. या मालिकेतला १९७९ चा पहिला चित्रपट सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चून बनला होता. दुसऱ्याला त्याच्या जवळपास चौथा हिस्सा मिळाला. दोन्ही यानांचा नियंत्रणकक्ष म्हणजे एकच सेट थोडा बदलून वापरलेला. पहिल्यातली काही दृश्यं दुसऱ्यात पुन्हा चिकटवली. नायक आणि खलनायक एकमेकांसमोर प्रत्यक्ष एकदाही येत नाहीत, सगळं वैर पडद्यावरून, म्हणजे खरं तर आवाजातून चालतं. पैसा नव्हता म्हणून लेखनाला काम करावं लागलं, आणि ते दिसतं.

आता २०१३. इथे तीच पात्रं नव्या नटांना घेऊन पुन्हा तरुण केलीत. मला हा चित्रपट टाकाऊ मुळीच वाटत नाही, आणि त्याची सुरुवात तर मी उत्तम सुरुवातीचा नमुना म्हणून सांगतो. एका आदिम ग्रहावर ज्वालामुखीत अडकलेल्या स्पॉकला वाचवायला कर्क नियम मोडतो, आपलं यान तिथल्या लोकांच्या नजरेस पडू देतो आणि अहवालात ते लपवतो. स्पॉक आपल्या अहवालात खरं लिहितो. ज्याला वाचवलं त्याच्याच प्रामाणिकपणामुळे कर्कचं यान जातं. त्याचा वडिलांसारखा वरिष्ठ पाइक त्याला तोंडावर सुनावतो की तुला त्या खुर्चीची किंमत कळत नाही, नशीब साथ देतंय म्हणून तू स्वतःला बरोबर समजतोस आणि एक दिवस स्वतःसकट सगळ्यांचा जीव घेशील. बघा, हाच तो १९८२ चा प्रश्न, तरुण माणसाला विचारलेला: तुझं नशीब संपेल तेव्हा काय करशील? लेखकांना आपला नायक पक्का ठाऊक होता.

पण मग लगेच पाइक हल्ल्यात मरतो, कर्क ॲडमिरल मार्कसकडे जाऊन मला पाठवा म्हणतो आणि यान परत मिळतं. गेलेली खुर्ची चित्रपटाचा पाव भाग सरायच्या आत परत! त्या मधल्या काळात कप्तान नसलेला कर्क काय करतो, दुसऱ्याच्या हाताखाली कसा वागतो, हे बघायला मिळतच नाही. माझ्या मते पहिली भेग इथे पडते. तिथे विज्ञानाचा संबंधही नाही, म्हणून ती चटकन कुणाला दिसत नाही. प्रेक्षक एवढं शिकतो की या चित्रपटात गेलेलं परत येतं. शेवटी कर्क मरतो तेव्हा त्याला रडू येण्याऐवजी तो वाट बघत बसतो.

आणि तो वाट बघतो ते बरोबरच असतं. खानच्या रक्तात पेशी दुरुस्त करण्याची ताकद आहे, ते रक्त टोचून कर्कला उठवलं जातं. लोक म्हणतात हे आयत्या वेळी आकाशातून पडलं. तसं अजिबात नाही, आणि मुद्दा इथेच बारीक होतो. रक्ताचा सेटअप अगदी नियमात बसणारा आहे. पहिल्या काही मिनिटांतच लंडनमध्ये एका अधिकाऱ्याची मरणासन्न मुलगी त्या रक्तानं बरी होते. पुढे मॅकॉय मेलेल्या प्राण्यावर तेच रक्त टोचून ठेवतो. पेरणी दोनदा झालीय. पटकथेच्या वर्गात शिकवतात ते सगळं केलंय, तरी पेऑफ, म्हणजे पेरलेल्याचं फळ, लागत नाही.

कारण त्या लंडनच्या बापाकडे बघा. मुलगी वाचवण्याच्या बदल्यात खान त्याच्याकडून बॉम्बस्फोट घडवून घेतो. बाप स्वतः मरतो, शेजारचे सहकारी मरतात. म्हणजे चित्रपटानंच त्या रक्ताचा भाव ठरवून दिलाय: एक जीव हवा तर जीव द्या. दोन-चार मिनिटांसाठी आलेल्या माणसानं तो भाव चुकवला. नायकाची वेळ आली तेव्हा तेच रक्त फुकट. कर्क दोन आठवड्यांनी जागा होतो, मॅकॉय एक चुरचुरीत वाक्य टाकतो, आणि ना काही अपंगत्व, ना कुणाचं देणं. उठल्यावर कर्कनं खानच्या रक्तावर जगण्याबद्दल एक वाक्य जरी बोललं असतं, तरी पुढच्या भागांना बीज मिळालं असतं. पाइकचा प्रश्न होता, नशीब संपेल तेव्हा काय? चित्रपटाचं उत्तर आलं की ते संपत नाही.

शिवाय खानचे, त्याच्यासारखेच अतिमानव असलेले, बहात्तर साथीदार त्याच यानावर गोठवून ठेवलेले आहेत. मॅकॉय कर्कला ठेवण्यासाठी त्यांतल्याच एकाची कुपी रिकामी करतो. मग सॅन फ्रान्सिस्कोवरून स्पॉक खानच्या मागे जिवावर उदार होऊन धावत असताना, त्याला जिवंतच पकड, हा निरोप कशाला? त्या अतिमानवांचं रक्त जर तसंच असेल, तर औषध शेजारच्या खोलीत आहे. पाठलाग थरारक आहे, स्पॉक झालेल्या झॅकरी क्विंटोनं तो जीव ओतून केलाय, पण लक्ष देणाऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यात तेवढ्यात हा प्रश्न येतो आणि मारामारी हलकी होते.

दुसरी अशी सोय म्हणजे एका जागेवरून थेट दुसऱ्या ग्रहावर माणूस पाठवणारं यंत्र. खान पृथ्वीवरून पळतो तो सरळ शत्रूच्या राजधानीच्या ग्रहावर पोचतो. सीन जोरदार आहे. पण हे शक्य असेल तर अंतराळयानांची गरजच काय? ज्या मालिकेचा आत्मा लांबच्या प्रवासात आहे, तिच्यातून प्रवासच काढून टाकला. दुसऱ्या भागांना ही खोड लागतेच, कारण पहिल्यापेक्षा मोठं काहीतरी द्यायचं असतं. नवीन शक्ती आणली की तिनं जुन्या अडचणी किती मोडल्या हे पाहावं लागतं. ज्या जगात मरण बरं होतं आणि अंतर संपतं, तिथे माणसाला वाढायला कारण उरत नाही.

तुम्ही विचारलेलं चंद्राजवळून पडण्याचं दृश्यही घेतो. यान चंद्राच्या परिसरात निकामी होतं आणि काही मिनिटांत पृथ्वीच्या वातावरणात कोसळतं. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तिथून एखादी वस्तू नुसती सोडून दिली तर ती पृथ्वीवर पडायला जवळपास पाच दिवस लागतील. अपोलोची यानं जायला साधारण तीन दिवस घेत. तरी ही चूक मी फार मोठी धरत नाही, कारण ती नायकांच्या विरोधात जाते. वेळ कमी करून त्यांच्या मानेवर सुरी ठेवते. मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणानं. खरं विज्ञान वापरलं असतं तर लेखकांना पाच दिवस मिळाले असते. इंजिन बंद, हळूहळू मोठी होत जाणारी पृथ्वी, आणि एका यानात पाच दिवस कोंडलेले कर्क, स्पॉक, उहुरा, मॅकॉय. कोणीतरी त्या कक्षात जायला हवं हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना माहीत. असा क्लायमॅक्स मी तरी पाहिलेला नाही. उन्हाळी सुट्टीतल्या चित्रपटाला कदाचित तो संथ वाटला असता. पण तुमच्या ऑडिओला संथपणाची भीती बाळगायचं कारण नाही.

या चित्रपटात ज्यांचे ग्राफ नीट लागलेत त्यांच्याकडेही बघा, म्हणजे उत्तर जास्त स्पष्ट होईल. एक यानाचा इंजिनिअर स्कॉटी. यानावर चढवलेल्या टॉर्पेडोंत काय आहे हे सांगत नाहीत म्हणून तो सही करायला नकार देतो आणि कर्क त्याचा राजीनामा घेतो. स्कॉटीचं जे सगळ्यात लाडकं, ते यानच, तो तत्त्वासाठी सोडतो. म्हणून पुढे तो शत्रूच्या यानात शिरतो आणि ऐन वेळी मदतीला धावतो, ती सोय असूनही कुणाला टोचत नाही. दुसरा स्पॉक. आधीच्या, २००९ च्या चित्रपटात त्याचा ग्रह आणि आई गेलेली आहे. पाइक मरताना स्पॉक त्याच्या मनाला स्पर्श करतो, मग त्याची प्रेयसी आणि सहकारी उहुराला सांगतो की ते पुन्हा अनुभवायला नको म्हणून मी भावना बंद ठेवतो. काचेपाशी तो रडतो तेव्हा ते खरं वाटतं. काचेच्या या सीनमध्ये बदलतो तो स्पॉक.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्याला परत आणायचंच नाही का? आणा की. स्पॉकलाही १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटात परत आणलं. पण त्या एका जिवासाठी कर्कला यान चोरावं लागलं, पद जायची वेळ आली, डोळ्यांदेखत यान स्वतःच्या हातानं जाळावं लागलं आणि त्याचा मुलगा मारला गेला. अख्खा चित्रपट त्या परतीचं बिल आहे. त्या बिलाच्या तुलनेत पुनर्जन्माचं विज्ञान किती तकलादू आहे हे विचारायची कुणाला शुद्धच राहत नाही.

दुसऱ्या भागांबद्दल बोलायचं आणि ‘स्टार वॉर्स’चा १९८० चा दुसरा चित्रपट ‘दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ टाळायचा, असं होत नाही. त्यातलं सर्वांत मोठं अशक्य बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. नायकाचा मित्र हॅन सोलो याच्या यानाची प्रकाशाहून वेगानं जाण्याची यंत्रणा जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बंद आहे, आणि तरी ते एका सूर्यमालेतून दुसरीकडे पोचतं. आपल्या सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर १ च्या वेगानं तेवढं अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षं लागतील. लघुग्रहांचं दृश्यही तसंच. आपल्या लघुग्रहपट्ट्यात दोन दगडांमध्ये सरासरी लाखो किलोमीटरचं अंतर असतं. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तिथून काही न होता पार गेलं, आणि त्या पट्ट्यातलं सगळं द्रव्य गोळा केलं तरी चंद्राच्या काही टक्केच भरेल. पण हे दोन्ही खोटेपणा नायकांच्या वाटेत आडवे येतात. यंत्र चालत नाही म्हणूनच हॅन आणि राजकन्या लेया एका अरुंद यानात एकमेकांच्या अंगावर ओरडत, मग न ओरडत, दिवस काढतात. बिघाड काढून टाका, प्रेमही निघून जाईल.

नायक ल्यूकचं त्याहून कठीण काम होतं. पहिल्या चित्रपटात त्यानं शत्रूचं अख्खं केंद्र उडवलंय. त्याला आणखी मोठं कसं करायचं? करायचंच नाही, असं उत्तर त्या लेखकांनी शोधलं. त्याला शिष्य केलं, चिखलात रुतलेलं आपलं यानही त्याला उचलता येत नाही, गुरूचं न ऐकता शिक्षण अर्धवट टाकून तो जातो आणि हात गमावतो. खलनायक वेडर हाच ल्यूकचा बाप, हे रहस्य तर सरळसरळ नंतरची दुरुस्ती आहे. पटकथालेखिका ली ब्रॅकेटच्या पहिल्या खर्ड्यात ल्यूकचे वडील वेगळे आहेत, ते आत्म्याच्या रूपात भेटतात. पहिल्या चित्रपटात जे सांगितलं होतं त्याच्याशी हे रहस्य जुळेना, म्हणून १९८३ च्या पुढच्या चित्रपटात ल्यूकच्या पहिल्या गुरूच्या, ओबी-वॉनच्या, तोंडी एक ओढूनताणून खुलासा घालावा लागला. तरी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं, कारण ही दुरुस्ती नायकाचं ओझं वाढवते. आणि तुटलेल्या हाताच्या जागी यांत्रिक हात बसतो, म्हणजे नुकसान भरून निघालं म्हणायचं का? पुढच्या भागात वेडरचा हात तोडल्यावर ल्यूक त्याच्या तुटलेल्या यांत्रिक हाताकडे बघतो, मग स्वतःच्या हाताकडे बघतो आणि थांबतो. नुकसान कायमचं असलंच पाहिजे असं नाही. पात्रानं ते लक्षात मात्र ठेवलं पाहिजे.

१९८६ च्या ‘एलियन्स’मधलं एकच सांगतो. नायिका रिप्ली ५७ वर्षं गोठलेल्या झोपेत राहून परत येते, तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, परवाना जातो आणि ती गोदीत माल उचलायचं यंत्र चालवते. शेवटी त्याच यंत्रात उभी राहून ती राक्षसिणीशी लढते. तिला ते चालवता येतं हे पटतं, कारण ते कौशल्य तिला अपमानाच्या काळात मिळालंय.

आता तुमच्या नायिकेकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या वनलाइनमध्ये, म्हणजे कथेच्या ढोबळ आराखड्यात, दुसरं पर्व सुरू होतं तेव्हा ती तंदुरुस्त आहे, प्रसिद्ध आहे, आणि तिला मंगळाच्या मोहिमेचं नेतृत्व मिळतं. म्हणजे पहिल्या पर्वात तिनं जे सोसलं ते पुसलं गेलं. तिथेच थांबा. स्थानकात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता दर महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. परतल्यावर साधं वळून चालताना तोल जातो. अशी बाई ‘हिरो’ म्हणून हारतुरे घेते आणि घरी भिंत धरून न्हाणीघरात जाते. तिची आई ते बघते. हे विज्ञान आहे आणि हेच पात्रही आहे. पहिल्या पर्वात झालेलं शरीरात, घरात, नोकरीत कुठे उरलंय ते दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या दोन भागांत ऐकू येऊ द्या.

विज्ञान बरोबर ठेवा असं मी म्हणतो ते या स्वार्थापोटी. खरं विज्ञान अडचणी आयत्या देतं. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठ-दहा दिवसांसाठी वर गेले, यानात बिघाड झाला आणि मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी परतले. त्याआधी फ्रँक रुबिओ सहा महिन्यांसाठी गेला होता, परतीच्या यानातून ते थंड ठेवणारा शीतक द्रव गळून गेला आणि तो ३७१ दिवस वर राहिला. कुठे खलनायक नाही, स्फोट नाही. मुलांचे वाढदिवस मात्र खाली होऊन गेले. तुमची मोहीम मंगळाची आहे, तर तिथून पृथ्वीला संदेश पोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. तुमच्या खर्ड्यात नायिका आणि आई व्हिडिओवर गप्पा मारतात. तो सीन काढा. त्याऐवजी तिला बोलून झाल्यावर वीस मिनिटं थांबायला लावा, आणि त्या वीस मिनिटांत इकडे काहीतरी असं होऊ द्या की आईचं उत्तर येईल तेव्हा तिनं विचारलेला प्रश्नच शिळा झालेला असेल. ऑडिओत हे ज्या ताकदीनं करता येईल तसं पडद्यावर करता येणार नाही.

तुमच्या सातव्या भागातला ‘क्वांटम संपर्कयंत्रा’चा शोध मला फार खटकला. शोध खोटा आहे म्हणून नव्हे. तो लागताच वरची सगळी अडचण संपते आणि नायिका पृथ्वीला विचारून निर्णय घेऊ लागते. यंत्र ठेवायचंच असेल तर ते खलनायकाच्या हातात द्या, म्हणजे त्याला सगळं तत्काळ कळेल आणि तिला वीस मिनिटांनी. किंवा एकदाच चालेल असं करा, आणि ते कोणासाठी वापरायचं हे तिला ठरवू द्या: मोहिमेसाठी की आईसाठी.

शेवटच्या भागात तुम्ही सहकाऱ्याला मारलंय आणि उपसंहारात तो कोमातून उठतो. तो उठावा की नाही हे मी सांगणार नाही. पण उठणार असेल तर नायिकेनं त्यासाठी काय गहाण ठेवलं हे आधी लिहा, आणि तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या पानावर त्याची वसुली येऊ द्या. सल्लागार म्हणून एखादा खगोलशास्त्राचा अभ्यासक घेणार असाल तर संवाद लिहून झाल्यावर बोलावू नका. वनलाइन असतानाच बोलवा, आणि ‘हे शक्य आहे का’ एवढंच विचारून सोडून देऊ नका. ‘इथे आणखी काय बिघडू शकतं’ असं विचारा. अशी माणसं त्या प्रश्नावर तासभर बोलतात, आणि त्यातून तुम्हाला दोन-तीन भाग सहज मिळतील.